उजव्या हातातलं घड्याळ

नव्वदीच्या अखेरीस सिल्व्हर पार्कजवळच्या एका औषधाच्या दुकानात मी प्रोग्रॅम बसवत होतो. मुदत संपलेल्या औषधाचं बिल तो होऊ देत नसे. खात्री करायला मी कॉम्प्युटरची तारीख दोन वर्षं पुढे नेली. औषधं पटापट अडली आणि मी स्वतःवर खूश होऊन चहाला गेलो. तारीख तशीच राहिली.

परतलो तर पायरीवर एक मुलगी धापा टाकत बसलेली आणि काउंटरशी तिचे वडील. दुकानदार म्हणत होता, "काका, दम्याचा पंप एक्स्पायर झालाय बोलतोय कॉम्प्युटर."

त्यांनी खोका फिरवून वाचला. "यावर तर अजून वर्षभर मुदत आहे. तुमच्या यंत्रात आज तारीख कुठली?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी खोक्यातला पंप काढून मुलीच्या हातात दिला आणि कॉम्प्युटरवर दोन वर्षं मागे आलो.

पंप ओढल्यावर मुलीची धाप कमी झाली. बिल छापलं जात असताना मला तिच्या वडिलांचं घड्याळ दिसलं. अब्रू सावरायला मी म्हटलं, "तुमचंही दहा मिनिटं पुढे आहे की."

"मुद्दाम. गाडी चुकत नाही."

"आणि पुढे आहे हेच विसरलात तर?"

"म्हणून उजव्या हातात बांधतो. सारखं टोचतं. खोटी वेळ लावावी हो, अंगाला तिची सवय होऊ देऊ नये."

तेव्हापासून कुठल्याही दुकानात तारीख पुढे नेली की मीही घड्याळ उजव्या हातात बांधतो, मागे आणली की पुन्हा डाव्या. बायको ताट वाढताना मनगट बघते. "आज कुठल्या सालात जेवताय?"

मी ताटावरून उठून त्या दिवशीच्या दुकानाकडे पळतो.