बहिणीच्या किनाऱ्यासाठी गाडी

भिवंडीत पिकअप घ्यायची म्हटलं की जो तो एकच विचारतो, माल किती घेईल? मी विचारायचो, वाळूत चालेल का? मग समोरचा माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. आमच्या वडपे गावात घराभोवती गोदामंच गोदामं, आणि ह्याला वाळू सुचतेय!

वाळू माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरची. तिचा नवरा होडीवाला. ओहोटीला होडी लांब पाण्यात थांबायची आणि बायका मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन, मऊ वाळू तुडवत बंधाऱ्यापर्यंत यायच्या. बर्फाचा टेम्पो काही खाली उतरायचा नाही. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला तिच्या मणक्यात गॅप निघाली. पुन्हा ओझं उचललं तर पाय जातील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ही फोनवर हसते, "मग काय मासळी चालत येनार हाय?"

मला हसू येईना. आमची जमीन गोदामाला गेली तेव्हा हिनं हक्कसोडीच्या कागदावर निमूट सही केली होती. आम्ही भावांनी साडीचोळीवर बोळवण केली. खोटं कशाला बोलू, लाज वाटत होती.

तीन गाड्या बघून सोडल्या. एक तर नवी कोरी होती, पण जोर फक्त मागच्या चाकांना. वाळूत ती स्वतःचाच खड्डा खणत बसली असती. शेवटी दापोड्याला जुनी फोर बाय फोर मिळाली, चारही चाकांनी ओढणारी. रंग उडालेला होता, पण मी खाली आडवा होऊन बघितलं, चेसीला गंज नव्हता.

मिस्त्री माझा शाळासोबती. त्याच्याकडे गाडी दिली आणि दोन दिवसांनी जाऊन बघतो तर पठ्ठ्यानं मागच्या स्प्रिंगला दोन जादा पाटे चढवलेले, टायरात हवा ठणठणीत! आमच्याकडे गाडी तयार करणं म्हणजे हेच, दुप्पट माल भरता आला पाहिजे.

"अरे बाबा, तुला वाळू सांगितली होती ना?"

"पन उद्या इकायला काढली तर? बिनपाट्याची गाडी भिवंडीत घेनार कोन?"

माझं डोकंच फिरलं. त्याच्या डोक्यावर उभं राहून पाटे काढायला लावले. हौद्याचं जड लोखंड कमी केलं, रुंद टायर बसवले, खाऱ्या हवेसाठी खालून जळकं ऑइल फासून घेतलं. मागं दोन फळ्या, फावडं, दोर. वाळूत हवा अठरा पौंडांवर ठेवायची म्हणून पंक्चरवाल्याकडे एकदा करून बघितलं. तो कळवळला, "सेठ, टायर बैठ जाएगा!"

म्हटलं, "बैठने दे." टायर पसरला की रुतत नाही, एवढं मला कळलं होतं.

किनाऱ्यावर पोचून हवा सोडली आणि गाडी थेट पाण्यापर्यंत नेली. पाट्या भरल्या, बंधाऱ्यावर आणल्या. कुठं रुतली नाही. मी छाती फुगवून खाली उतरलो.

बहीण म्हणाली, "दादा, उद्या कोन चालवनार?"

"तुझा नवरा."

"तो होडीवर."

"दीर?"

"तोबी होडीवर. होडी लागली का सगले पुरुष मासली उतरवनार, जाली धुनार. आनि सासऱ्यांना तर दिसत न्हाय."

पाटे मोजले, हवा मोजली, आणि हे डोक्यातच आलं नव्हतं. रोज पहाटे भिवंडीहून मी थोडाच येणार होतो!

"सरक," म्हणाली. पदर खोचला आणि स्टेअरिंगवर बसली.

"अगं, तुला कुठं येतंय?"

"बाबा तुला टेम्पो शिकवत व्हते, तवा मी मागं हौद्यात बसून सगलं बघायची. क्लच, गिअर, सगलं. मला कुनी इचारलंच न्हाय."

दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. वाळूत ब्रेक मारू नको, आपोआप थांबू दे, असं मी ओरडेपर्यंत ती होडीपाशी पोचलीसुद्धा. बायका टाळ्या पिटत होत्या, आणि मला रडू आवरेना.

ही गाडी कशी असावी, हे मी चार महिने सगळ्या भिवंडीला विचारत हिंडलो होतो. तिला एकदाही विचारलं नव्हतं.