जिन्यातली केबल आणि बहिणीची पत्रिका

आता घरोघर बिनवायरची हार्ड डिस्क असते. ती दिसेनाशी झाली की नातेवाईक मला फोन करतात, कारण घराण्यात ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणून मी पूर्वीपासून बदनाम आहे. मी राउटर बंद-चालू करायला सांगतो, पासवर्ड तपासायला सांगतो आणि तिसऱ्या मिनिटाला वैतागून म्हणतो, अरे बाबा, डिस्क शेजारच्याच खोलीत आहे ना? मग ऊठ आणि तिथं जाऊन बघ! लोकांना वाटतं, म्हातारा चिडका झालाय. झालोय. पण त्याला कारण आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जळगावला राहत्या घरातच मी टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांच्या अक्षरजुळणीचं काम करायचो. कॉम्प्युटर दोन. खालच्या खोलीतला नवा, चार जीबीच्या हार्ड डिस्कचा. एवढी डिस्क भरणार तरी कशानं, असं मला तेव्हा वाटायचं. वरच्या खोलीतला जुना, आणि लेझर प्रिंटर त्याला जोडलेला. सगळं काम खालच्या डिस्कवर साठवायचं आणि वर बसून छापायचं, म्हणून दोघांना जोडणारी केबल जिन्यातून नेली होती. त्या कामाची खरी केबल नाशिकहून मागवावी लागली असती. तेवढा दम कुणाला! गल्लीतल्या टीव्हीच्या केबलवाल्याकडे एक उरलेलं भेंडोळं होतं, तेच लावलं. “वायर ती वायर, भाऊ,” तो म्हणाला, आणि मलाही पटलं.

हिवाळाभर ते चाललं. चैत्रात ऊन चढायला लागलं तसं वरून खालची डिस्क दिसेनाशी व्हायला लागली. सकाळी दिसायची, दुपारी गायब. मी दोन्ही मशीन बंद करून चालू करायचो, केबलच्या टोकाच्या टोप्या पिळून बसवायचो, आतलं कार्ड काढून फुंकर मारून परत लावायचो. बायको खाली, मी वर.

“अहो, दिसतंय का?”

“नाही!”

“आता?”

“नाही म्हटलं ना!”

आमचा हा ओरडा इतका रोजचा झाला की समोरच्या ओट्यावरच्या अक्का बायकोला विचारायच्या, “काय गं, दिसलं का तुझ्या नवऱ्याला?” हसायला बरं होतं. पण जळगावच्या मे महिन्यात दिवसाला तीस वेळा जिना चढून-उतरून बघा म्हणजे कळेल. पत्र्याखालची ती खोली नुसती भट्टी. माझ्या नाकी नऊ आले होते. फ्लॉपीवर काम न्यायची सोय नव्हती. गणपतीचं चित्र, वेलबुट्टीची किनार धरून पत्रिका फ्लॉपीत मावायचीच नाही.

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं.

आमच्याकडची लग्नपत्रिका म्हणजे अर्धी जातच असते. निमंत्रक, विनीत, मामा मंडळी, सगळे भाऊबंद, शेवटी लहान पोरांची किलबिल. पत्रिकेला पुस्तक म्हणा, पण एक नाव राहिलं तर तो माणूस जन्मभर उंबरा चढत नाही. आणि आमच्या घरात नेमकं एक नाव अडलेलं होतं. नानांचं.

नाना म्हणजे आबांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. धुळ्याला राहायचे. आजी त्यांच्याकडेच वारली. निरोप मिळताच आबा निघाले, तर एसटी पारोळ्याजवळ बंद पडली. धुळ्याला पोचेपर्यंत चिता पेटून गेली होती. नाना म्हणाले, मे महिना आहे, सकाळपासून प्रेत घरात, किती वेळ थांबवणार? आबा म्हणाले, मी थोरला आहे, अग्नी माझा होता. दोघांचंही खरं होतं, हेच तर वाईट. त्यानंतर अकरा वर्षं आबांनी नानांचं नाव घेतलं नाही आणि आमच्यातही कुणी त्यांच्यासमोर घेतलं नाही. लहानपणी नानांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली होती, तरी मीही घेतलं नाही.

बहिणीनं मात्र पत्रिकेचा मजकूर ठरताना सरळ सांगितलं, “नानांचं नाव नसेल तर माझं पण टाकू नका.” आई पदरानं डोळे पुसत बसली. आबा उठून बाहेर गेले. तिसऱ्या दिवशी मी खाली कामाला बसलो होतो, तर दारात उभे राहून म्हणाले, “टाक त्याचं. विनीतमध्ये पहिलं टाक.” मी लगेच टाकलं. बहीण पडद्यावर नाव बघून गेली, आईला हात धरून घेऊन आली, तिलाही दाखवलं. त्याच बैठकीत बाकीच्या पाच दुरुस्त्या केल्या. गोरज मुहूर्ताची वेळ, मंगल कार्यालयाचा पत्ता, बोदवडच्या आत्याच्या यजमानांचं आडनाव, असं काहीबाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्याचा माणूस ट्रेसिंग, म्हणजे छपाईसाठी पारदर्शक कागदावर काढलेली प्रत, न्यायला आला. बाहेर सायकल लावून वरच्या खोलीत टॉवेलनं मान पुसत उभा राहिला. त्याला छापखान्यातलं मशीन बंद व्हायच्या आत परत पोचायचं होतं. मी डिस्क उघडायला गेलो. नाही दिसली. बायकोला हाक मारली, तिनं खालचं मशीन बंद-चालू केलं. नाही. मी खाली गेलो, टोपी पिळली, वर आलो. नाही. परत खाली, परत वर. सहा वेळा. सदरा अंगाला चिकटला, डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं. तो माणूस म्हणाला, “भाऊ, उद्या येऊ का? पण उद्यापासून दोन दिवस दुसऱ्याचं काम लागलेलं आहे.”

वरच्या मशीनवर पत्रिकेची आधीची प्रत होती, आठवड्यापूर्वी नमुना छापायला म्हणून उतरवून घेतलेली. दुरुस्त्या नसलेली. मी म्हटलं, दुरुस्त्या काय, मला तोंडपाठ आहेत. खाली जाऊन पडद्यावर बघून कागदावर उतरवून आणायला पाच मिनिटं लागली असती. चौदा पायऱ्यांचा जिना. नाही गेलो. मेली ती डिस्क, म्हटलं, आणि तिथंच बसून आठवून आठवून दुरुस्त्या केल्या. वेळ केली, पत्ता केला, आडनाव केलं. पाचही केल्या आणि ट्रेसिंग काढून दिलं. तो गेल्यावर माठातलं दोन तांबे पाणी प्यालो आणि फरशीवर आडवा झालो. कसली सुटका वाटली होती, काय सांगू.

पत्रिकांचे गठ्ठे आले. आईनं आणि बहिणीनं कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं, पाकिटात भरल्या. घरची पत्रिका घरात कोण वाचतं? त्यांनी ती पडद्यावर बघितलीच होती. पहिली पत्रिका पद्मालयाच्या गणपतीपुढे मीच ठेवून आलो आणि मीही ती उघडली नाही.

आबा म्हणाले, “धुळ्याची मी स्वतः नेतो.” आईच्या हातातली पिशवी तशीच राहिली. अकरा वर्षांनी! सकाळच्या एसटीनं ते गेले, नवं धोतर, टोपी, पिशवीत अक्षता आणि नानांना आवडते म्हणून केळ्याची फणी. रात्री मुक्काम करूनच येतील, असं आम्ही धरून चाललो होतो. ते चार वाजताच परत आले. पायरीवर बसले, टोपी काढून बाजूला ठेवली. बहिणीनं पाणी दिलं, ते हातात धरून बसले.

“काय म्हणाले नाना?” तिनं विचारलं.

“त्यानं चष्मा लावला,” आबा म्हणाले. “वरपासून खालपर्यंत वाचली. परत वाचली. मला वाटलं, आपलं नाव बघून त्याला भरून आलंय. मग घडी घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, ‘भाऊ, चुकीसन आणी का? हाई पत्रिका मनी नही शे.’ त्याची नाही म्हणे ही पत्रिका.”

बहिणीनं पाकीट ओढून घेतलं. मला बघावंच लागलं नाही. तिथं उभ्या उभ्याच कळलं, नानांचं नाव राहून गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं, आबांनी बघितलं, आणि आबांच्या नजरेत मला जे दिसलं ते असं, की पोरगा आपल्या मनातला जुना राग ओळखून वागला. मुद्दाम वागला. आईशपथ सांगतो, मी मुद्दाम केलं नव्हतं. पण कुणाला सांगू? मी केबल, डिस्क, जुनी प्रत असलं बडबडायला लागलो. आबा उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेलो. नाना ओसरीवर होते. थकले होते, केस पार पांढरे झालेले. काकूनं चहा दिला. मी सगळं सांगितलं. वरचं मशीन, खालचं मशीन, दुपारी न दिसणारी डिस्क, खोळंबलेला छापखान्याचा माणूस. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, “मशीन बंद पडनं, समजनं. पन बाकीनं बठ्ठं तुना ध्यानमा व्हतं. मंग मनंच नाव कसं काय नही?”

बाकीचं सगळं ध्यानात, मग त्यांचंच नाव कसं गेलं? आडनावातला एक काना माझ्या ध्यानात होता. माझ्या तोंडून निघून गेलं, “नाना, घरात तुमचं नाव कुणी घेतच नाही हो. सवयच गेली.”

नानांनी माझा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. “आते खरं बोलना तू,” ते म्हणाले. म्हणजे आता खरं बोललास. मग काकूला आत हाक मारून माझं पान मांडायला सांगितलं. “जेवीसन जाय.” मी जेवलो. निघताना हात जोडून म्हटलं, लग्नाला या.

केबलचा दोष नंतर अर्ध्या तासात सापडला. जिन्याच्या वळणावर कूलर ठेवला होता आणि त्याचं पाणी बरोबर खालून गेलेल्या केबलच्या जोडावर ठिबकायचं. दुपारी कूलर चालू, डिस्क गायब. त्यात केबलही भलतीच होती. नवा जोड लावला आणि सगळं लख्ख दिसायला लागलं. कुणाला सांगितलं नाही. ऐकायला कुणाची तयारी नव्हती.

लग्नाच्या दिवशी धुळ्याकडच्या पाहुण्यांच्या गाड्या संध्याकाळी पाचपासून येत होत्या. आबांनी कार्यालयाच्या दारात जागा धरली. मंगलाष्टकांना बोलावलं तेव्हा तेवढे आत आले, अक्षता टाकल्या आणि परत दारात गेले. मी दोनदा म्हणालो, आबा, जेवून घ्या. म्हणाले, “थांब, धुळ्याची अजून एक गाडी आहे.” ती गाडी आली, त्यातून पाहुणे उतरले, नाना नव्हते; ते पाहुणे जेवून गेलेसुद्धा. शेवटची पंगत उठली, वाढप्यांनी पातेली आवरली, तरी आबा दारात उभे होते.