घाटावरची पेटी आणि दोन जावा

पोलिसातून निवृत्त झालो तरी गंगाघाटावरची ती पत्र्याची पेटी काही माझ्या डोक्यातून जात नाही. अंधार पडल्यावर घाटावर कोणी सामान ठेवायचं नाही, असा नियम होता. सापडलं तर पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी बसायचा परवाना रद्द. तरी त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली की जागा धरायला कोणी ना कोणी काहीतरी ठेवतंच, हे आम्हाला ठाऊक होतं.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज. "घाटावर बेवारस पेटी पडलीये, लवकर या." बॉम्बशोधक पथक आलं, श्वानपथक आलं, घाट रिकामा केला. पेटीत निघाल्या पणत्या आणि वाती.

तिथे दोन जावा शेजारी शेजारी बसून दिवे विकत. पेटी धाकटीची होती. तिला एकदा समज मिळालेली होती, म्हणजे आता परवाना जाणार. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या विक्रीवर चालायचं.

"साहेब, मी नाय ठेवली. खोलीत ठेवून कुलूप लावलं होतं," ती रडत म्हणाली.

खोली दोघींची, किल्ल्या दोघींकडे. फोन चहाच्या टपरीवरून झालेला, आणि तिथला मोबाईल घाटावरच्या सगळ्याच बाया मागून घेत. माझा संशय थोरलीवर होता, पण हातात पुरावा नव्हता.

थोरली चौकशीत अगदी शांत होती. "जागा धरायला तिनंच ठेवली असंल. लय हाव हाय तिला."

पंचनाम्याचे फोटो मी पुन्हा पाहिले. पेटीचं तोंड नदीकडे होतं. धाकटी तर पेटी पायऱ्यांकडे तोंड करून मांडायची, येणाऱ्याला पणत्या दिसाव्यात म्हणून. मी थोरलीला सहज विचारलं, "सासूबाईंनी पेटी कशी मांडायला शिकवली?"

"तोंड गंगेकडंच! गंगेला पाठ दाखवायची नाय. ती धाकटी दाखवती."

मी फोटो पुढे सरकवला. दुसऱ्याची पेटी चोरून ठेवतानाही बाईचा हात आपल्या वळणावर गेला होता.

"मग काय करू?" ती उसळली. "जागा मी दाखवली, धंदा मी शिकवला, आन गिऱ्हाईक सगळं तिच्याकडं! तिची पेटी रिकामी बघितली की माझ्या पोटात आग पडती." मागची समजही आपणच घडवून आणल्याचं तिने त्याच रागात सांगून टाकलं.

परवाना वाचला. मी धाकटीला विचारलं, "गुन्हा दाखल करायचा?"

"नको साहेब. जाऊबाईंना घाटावरून उठवू नका."

मला तिचं कौतुक वाटलं. तक्रार नको म्हणणं म्हणजे माफ करणं, असं इतकी वर्षं नोकरी करूनही मी समजत होतो. त्या दिवशी ती समजूत गेली, कारण धाकटीने डोळे पुसले आणि थोरलीकडे बघत म्हटलं, "उद्या पौर्णिमा हाय. त्यांनी माझ्या शेजारीच बसावं. माझी पेटी रिकामी होताना दिवसभर बघावी."

थोरलीने तेव्हा पहिल्यांदा माझ्यापुढे हात जोडले.

"साहेब," ती म्हणाली, "माझ्यावर गुन्हाच लिहा."