वायलां मत

मी तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला तेव्हा दाजी चिडले.

"तुका एकदा सांगलंय मां? भिंत नको म्हणान रापणीन ठरयल्यान."

"तां कळलां हो दाजी. पण तुमचां वायलां मत काय?"

"वायलां? माझां रापणीवांगडा भांडाण झालां काय, वायलां मत आसाक?"

"फॉर्मात बसणास नाय वाटता तुमी, दाजी!" त्यांची भावजय म्हणाली. जाळं सांधत बसलेले सगळे हसले. मीही हसलो.

तोंडवलीच्या किनाऱ्यावर एका रिसॉर्टला संरक्षक भिंत बांधायची होती. त्याने लोकांचं काय होईल, हे तपासून सरकारला कळवणाऱ्या कंपनीत मी नोकरीला. रापण म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ते ओढणारी मंडळीही रापणच. भिंत झाली की ओढायला वाळूची पुळण उरणार नव्हती.

फॉर्मला 'वैयक्तिक मत' हवं होतं. त्याचं मालवणी मी 'वायलां' केलं. मी कणकवलीचा. आमच्याकडे वायलो होतो तो चूल वेगळी मांडणारा भाऊ. हे मला विचारतानाही ठाऊक होतं.

फॉर्मवरच्या प्रत्येक उत्तराला एक आकडा देतात, त्याला कोडिंग म्हणतात. ऑफिसात आमचे सर म्हणाले, "'रापणीने ठरवलं' हे काही उत्तर नाही. नो ओपिनियन टाका."

"सर, हा विरोधच आहे त्यांचा."

"मग स्वतःच्या तोंडाने बोलायला काय होतं? परंपरेतून बाहेरच पडत नाहीत ही माणसं. टाका, क्लायंट सोमवारी येतोय."

डोकं सणकलं. आपल्याकडच्या सुरुवातीच्या एका समाजशास्त्रज्ञावर मी एम.ए.ला पेपर लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं, की इथला माणूस सुटा उभा नसतो. समूहात राहून, समूहाशी झगडूनच त्याचं व्यक्तिमत्त्व घडतं. परंपराही गोठलेली नसते. ती आतून बदलते, आणि ती समजून न घेता इथल्या आधुनिकतेबद्दल बोलणं फुकट. रापण वेगळं काय करत होती? सुती जाळं मोडीत काढून नायलॉन आणलं रापणीनेच. बायकांना बैठकीत बसवलं तेही रापणीने, आणि त्या दिवशी दाजी विरोधात घसा फुटेपर्यंत ओरडले होते. हा म्हणे मत नसलेला माणूस!

यातलं एक अक्षर मी सरांना बोललो नाही. कोड टाकला. सही केली.

जनसुनावणीत अहवाल वाचला गेला : 'बहुसंख्य मच्छीमारांचे प्रकल्पाबाबत मत नाही.' दाजी उठले.

"माका मत नाय? कोणी लिवल्यान ह्यां?"

"काका, तुमचाच फॉर्म आहे," अधिकारी म्हणाले.

"तो बसलो मां थंय. इचारा तेका!"

मला कोणी विचारलं नाही. न विचारता बोलायला मला कोणी अडवलंही नव्हतं. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत राहिलो.

पुढे दुरुस्तीचं पत्र पाठवलं. उत्तर आलं, 'अहवाल यापूर्वीच स्वीकृत झाला आहे.' भिंत उभी राहिली, रापण बंद पडली. कोणी ट्रॉलरवर मजुरीला गेला, कोणी गोव्यात हॉटेलात. आमच्या फॉर्मला हवी होती तशी एकेकटी माणसं आता तिथे मिळतात.

नव्या सर्व्हेअरांना मी ट्रेनिंगमध्ये एवढंच सांगतो : माणूस 'आम्ही' म्हणाला, तर 'आम्ही'च लिहा. कोड नसेल तर फॉर्म परत पाठवा. नोकरी गेली तर जाऊ दे, असंही सांगायचं असतं. ते अजून माझ्या तोंडून निघत नाही.