ड्राफ्ट्समनसाहेबांचा कॉर्सेट

मशीन माझ्या ताब्यात देण्याआधी साहेब त्याच्या प्रत्येक सुट्या भागावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. शटलवर एक, बॉबिन केसवर एक, अगदी स्क्रूच्या डोक्यावरसुद्धा एक. ठिपके वाळेपर्यंत मला दारात उभं ठेवायचे आणि वर म्हणायचे, "तुमच्यावर संशय नाही. पण ओळख असलेली बरी."

मी पनवेलमध्ये शिलाई मशीन दुरुस्त करतो. आमच्या घरी करंजाला होडी आहे, पण कोळ्याच्या पोटी जन्म घेऊनही मला बोट लागते, म्हणून वडिलांनीच मला या धंद्याला लावलं. या धंद्यात माणूस आपोआप संशयी होतो. "मशीन आपोआप बंद पडलं" असं गिऱ्हाईक सांगतं आणि आतून कपाटाची किल्ली निघते. पण गिऱ्हाइकाने माझ्यावरच पहारा ठेवावा, हा अनुभव मला साहेबांनी दिला. दुधाची पिशवी घरी नेऊन पुन्हा मापणारा एक तरी माणूस तुमच्याही इमारतीत असेल. हे त्यांच्यातलेच, फक्त दोन पायऱ्या वर.

साहेब एका कारखान्यात यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचे, ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. रोडपालीला दोन खोल्यांचा फ्लॅट होता, बायको वारलेली आणि मशीन तिचंच. इतकी वर्षं ते झाकून ठेवलेलं होतं. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला, "टाके सुटतात. या." मी गेलो तर भर दुपारी पडदे ओढलेले, आणि टेबलावर मोठ्या आलेख-कागदावर काढलेलं बाईच्या धडाचं चित्र. छाती, कंबर, नितंब, प्रत्येक रेघेला बाण आणि बाणावर आकडा.

खरं सांगतो, माझ्या मनात नको ते आलं. एकटा म्हातारा, बंद पडदे आणि हे चित्र. मी विचारलं, "साहेब, ह्ये कोनासाठी?"

"भाचीच्या कॉलेजचा कार्यक्रम आहे. कॉर्सेट, म्हणजे पाठीवर नाडीने आवळायची ताठ चोळी, आणि झालरींचा स्कर्ट."

पुढच्या आठवड्यात सुई मोडली म्हणून गेलो, तेव्हा भाचीची पुतणी झाली होती. त्या दिवसापासून मीही त्यांच्यावर नजर ठेवली. दोन संशयी माणसं एका मशीनच्या दोन बाजूंना बसली की काम चांगलं होतं, एवढं मात्र मी शिकलो.

पहिला कॉर्सेट त्यांनी जुन्या चादरीचा शिवला, तो एखाद्या शाळकरी मुलीलाही झाला नसता. साहेबांनी आधी चादर आटली असा संशय घेतला, मग टेपवर, मग मी दुरुस्त केलेल्या मशीनवर. मी कागद हातात घेतला आणि चूक पटकन दिसली. चित्रातल्या रेघेवर त्यांनी कात्री चालवली होती. शिवणीत कापड जातं, हे त्यांनी धरलंच नव्हतं. दहा तुकडे, प्रत्येकाच्या दोन्ही कडा गेल्या, मग उरणार काय?

"ड्रॉइंगमध्ये रेघ म्हणजे रेघ असते," ते म्हणाले.

"लोखंडात असंल. कापडात नाय. बाजूला दोन बोटं सोडा साहेब, वरून आनखी दोन सोडा. मानूस काय आज हाय तेवढाच ऱ्हात नाय."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली माझं नाव घातलं. चुकलं तर कोणाला धरायचं ते माहीत असावं म्हणून.

कॉर्सेट ताठ उभा राहायला आत कांड्या लागतात. साहेबांनी आधी झाडूचे हीर घातले, ते वाकवताच कडकड मोडले. मग वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या घातल्या. त्या टिकल्या, पण टोकं कापडातून बाहेर आली आणि ती कोणाला लागतात हे बघायला माझाच देह मिळाला. "तुम्ही सडपातळ आहात," म्हणत साहेबांनी मला त्यात कोंबलं आणि पाठीमागून नाडी आवळली. सकाळचा बोंबील गळ्याशी आला. नेमकी तेव्हाच बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी डबा परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"मशीन दुरुस्त करतायत," साहेब शांतपणे म्हणाले आणि डबा उघडून आत काही राहिलंय का ते बघू लागले.

स्कर्टची तर वेगळीच कथा. झालर तिप्पट लांब कापायची आणि चुण्या घालून बसवायची. साहेब प्रत्येक चुणी पट्टीने मोजायचे. एकूण तीन झालरी. तिसरीला त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी कापड मांडीवर टाकून दिलं.

"शिवून होणार नाही माझ्याच्याने. ती येईल, बघेल आणि जाईल."

"भाची का पुतनी?" मी विचारलं.

"मुलगी," ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. मुलगी वाशीला नोकरी करायची. उशीर होईल म्हणाली की साहेब तिच्या ऑफिसात फोन करायचे. तिची बॅग तपासायचे. एकदा ऑफिसच्या खाली खांबाआड उभे राहिले आणि तिने पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला निघून गेली, त्याला दोन वर्षं झाली. "पाच वेळा तपासलं मी. पाचही वेळा ती ऑफिसातच होती हो."

आता ती रजिस्टर लग्न करणार होती. यायचं तर या, असा निरोप होता. तिला लग्नात घालायच्या कपड्याचं चित्र तिच्या मैत्रिणीकडून साहेबांपर्यंत आलं. साहेबांनी कळवलं, मी शिवतो. तिने उत्तर दिलं, "एकदा येऊन घालून बघीन. नाही बसला तर भाड्याने घेईन." दोन वर्षांत ती पहिल्यांदा घरात पाऊल टाकणार होती आणि नाही बसला तर पुन्हा का येईल, हे साहेबांना सांगता येत नव्हतं.

"मापं कशावरनं घेतली?"

"तिच्या कपाटातल्या कुर्त्यावरून."

मी कपाळाला हात लावला. दोन वर्षांपूर्वीचा कुर्ता! "फोन करा नि इचारा."

"ती सांगेल ते खरं कशावरून?"

मी टेबलावरचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी नंबर लावला. ती आकडे सांगत गेली, ते लिहीत गेले. कंबर अठ्ठावीस. एकही आकडा त्यांनी दुसऱ्यांदा विचारला नाही. फोन ठेवल्यावर नवीन कागद पसरला आणि चारही बाजूंना बोटं सोडून रेघ ओढली.

ती आली त्या रविवारी साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं, मशीन अडलं तर म्हणून. मुलगी उंच, वडिलांसारखीच बारीक नजरेची. कॉर्सेट तिच्या अंगातल्या कुर्त्यावरूनच चढवला, खाली तीन झालरींचा स्कर्ट. पाठीवर नाडीच्या दोन्ही बाजूंत चार बोटं फट राहायला हवी होती, तिथे वीतभर राहिली. साहेबांनी नाडी ओढली. ती पटकन म्हणाली, "नको, ओढू नका बाबा," आणि तिचा हात पोटाखाली गेला.

मला दोन मुलं आहेत. बायकोला दिवस गेले की ती कुठे हात ठेवते ते मला कळतं. साहेबांनाही कळलं. त्यांची नजर त्या हातावर थांबली. तिने अठ्ठावीस सांगितलं होतं आणि ते खोटं होतं. मी उगाचच पिशवीतला पाना हातात घेतला. हा माणूस डब्यातला उरलेला दाणा शोधणारा, आता काय काय शोधणार?

साहेबांनी नाडी सोडली. "माझी रेघ चुकली," ते म्हणाले. "कागदावर नीट होती, कापताना चुकली."

ते गुडघ्यांवर बसले. ओठांत टाचण्या धरून त्यांनी बाजूची शिवण उसवली, आत दाबलेलं कापड बाहेर काढलं. पोटावरच्या दोन कांड्या ओढून टेबलावर ठेवल्या. ती वरून त्यांच्या पांढऱ्या डोक्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"बाबा, तुम्हाला काही विचारायचं नाही?"

"विचारायचंय."

ती ताठ झाली. मीही हातातला पाना खाली ठेवला. त्यांनी एकेक करून टाचण्या ओठांतून काढल्या, नाडीची सैल गाठ मारली आणि वर पाहिलं.

"आता श्वास घेता येतोय ना?"

तिने मान हलवली. मग ते पुन्हा खाली वाकले आणि झालरीची कड तिच्या पावलांत अडकू नये म्हणून टाचणीने वर धरू लागले.