सत्तेचाळीस

गणोजीराव अण्णा कोणत्याही आकड्यावर लगेच विश्वास ठेवत नसत. बसवर एक्क्याण्णव दिसला की म्हणत, "बघ, किती साळसूद दिसतो. तेरा सत्ते एक्क्याण्णव." बनशंकरीत ते आमचे शेजारी. कन्नड शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. आम्ही कुठलाही आकडा सांगितला तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "सातानं बघितलंस काय?"

दोनाला दोनानेच गुणत एकतिसाव्या घातापर्यंत जायचे आणि एक वजा करायचा. येणारी दहा अंकी संख्या मूळ आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांशिवाय तिला कशानेच भाग जात नाही, हे फार पूर्वी सिद्ध झाले आहे. अण्णांनी ते वाचले होते, मानले नव्हते. निवृत्तीनंतर ते हाताने भागाकार करू लागले.

"हिला भागणारा असलाच तर तो बासष्टच्या पटीहून एकानं जास्त असणार," ते सांगत. "संशयितांची यादी स्वल्प लहान होते, एवढंच. सुटका कुणाची नाही."

अकरा वह्या भरल्यावर त्यांनी संख्या निर्दोष ठरवली आणि आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यावर पानभर मजकूर लिहिला. त्यांचे नाव प्रथमच छापले जाणार होते. मी वृत्तपत्रात उपसंपादक, म्हणून टाइप करणे माझ्याकडे आले. अण्णांनी आकडा वाचला, "एकवीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, छत्तीस, सत्तेचाळीस."

माझे शिक्षण कन्नडमधून झाले. कन्नडमध्ये आधी चाळीस म्हणतात, मग सात. मराठीत सात आधी. बाकीच्या जोड्या सांभाळल्या, पण सत्तेचाळीस ऐकले तसे टाइप झाले आणि दोन्ही ठिकाणी ७४ पडले. शेवटी सम अंक दिसला, म्हणजे दोनाने भाग जाणार; तेवढा मी न विचारता सुधारला. मधला राहिला.

प्रकाशनाच्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, महादेवपुऱ्याहून आलेला, मूळचा पुण्याचा एक इंजिनिअर मोबाइल बघत म्हणाला, "अण्णा, सॉरी, पण याला सातानं भाग जातोय."

मागून कोणीतरी विचारले, "सातानं बघितलं नाही काय, अण्णा?" सगळे हसले.

अण्णांनी घरी जाऊन पहिली वही उघडली. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ते पुन्हा साताने भागत होते. "बाकी एकच येते," ते म्हणाले. "मीच कुठं तरी चुकतोय." छापलेले पान त्यांनी वहीशेजारी ठेवून पाहिले नव्हते. ते मी टाइप केले होते.

मी ठेवून पाहिले आणि सांगितले.

"सरी, ठीक," ते वही मिटत म्हणाले. "कन्नडामुळं उलटं लिहिलंस, समजलं. पण शेवटचा बदललास, तेव्हा मधल्याचा संशय आला नाही तुला?"

मंडळाच्या पुढच्या वार्तापत्रात माझ्या नावाने शुद्धिपत्र आले. त्यानंतर दोन महिन्यांनी अण्णा गेले. त्यांच्या मुलीने, अक्कांनी, मला बारावी वही दिली. तिच्यात एकच पान लिहिलेले होते. वर माझे शुद्धिपत्र कापून चिकटवले होते. खाली त्यातल्या आकड्याला साताने भागले होते. बाकी एक.

त्याखाली लिहिले होते, "बरोबर दिसतो. पुन्हा बघावा."