मोज्यातली बिअर

आमच्या शेजारच्या मधुकाकांकडे शुक्रवारी संध्याकाळी बिअरचा कॅन लोकरीच्या मोज्यात बसून टेबलावर येतो. थंडी वाजते म्हणून नव्हे हो! कॅनवरचं नाव काकांना दिसू नये म्हणून. नाव वाचलं की माणूस जिभेऐवजी डोळ्यांनी पितो, असं त्यांचं म्हणणं. मोजा चढवायचं, ओतायचं आणि फोनवर व्हिडिओ काढायचं काम माझं. नॉटिंगहॅमला आले त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले आणि या कामाला जुंपली गेले, ती अजून सुटलेली नाही.

काका दातांचे डॉक्टर. "आयुष्यभर लोकांना तोंड उघडा, तोंड उघडा म्हणून दटावलं, आता माझं मी उघडतो," असं म्हणत रिटायर झाले. मग मुलीकडे ऑरेगनला गेले आणि तिथल्या लहान लहान ब्रूअरींच्या बिअरच्या पार प्रेमात पडून परत आले. तेव्हापासून अमेरिकन क्राफ्ट बिअर चाखायची आणि तिच्यावर मराठीतून इंटरनेटवर बोलायचं, हा त्यांचा उद्योग. कोपऱ्यावरच्या पबमधला त्यांचा दोस्त कीथ याला हा सरळसरळ देशद्रोह वाटतो. काका त्याला शांतपणे सांगतात, "कीथ, युअर बिअर इज लाइक युअर वेदर. माइल्ड!" आणि बिल मात्र स्वतः देतात.

"आधी नाक, मग जीभ, आणि मत सगळ्यात शेवटी," अशी त्यांच्या प्रत्येक व्हिडिओची सुरुवात. चार चुरमुरे चावायचे, पाणी प्यायचं, मग ग्लासात नाक खुपसून डोळे मिटायचे. एका कडूजहर बिअरला त्यांनी "कारली मीठ लावून पिळायची राहून गेली" असं म्हटलं होतं. एका काळ्या, दाट स्टाउटला म्हणाले, "दुधाची खरवड. जरा लागलेली, पण टाकवत नाही." इंग्रजीतली लिहिलेली परीक्षणं मीही वाचली आहेत, पण अशी चव जिभेवर कुणी आणून ठेवत नाही.

सुमनकाकूंनी मात्र या प्रकाराला फ्रिजचा खालचा ड्रॉवर तेवढा दिला होता. वर दही आणि नैवेद्याचं, खाली ह्यांचं. संकष्टीला मोजा निघायचा नाही. शुक्रवारी आम्ही किचनमध्ये बसलो की "चालू द्या तुमचं आचमन," म्हणत त्या सिटिंग रूममध्ये सिरियल लावून बसायच्या आणि दार लावून घ्यायच्या. त्या दोघांची शुक्रवारची संध्याकाळ कित्येक वर्षं अशी दोन खोल्यांत गेली.

गेल्या हिवाळ्यात काकांना कसलासा व्हायरस झाला. ताप उतरला, खोकला गेला, पण वास काही परत येईना. आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही! शुक्रवारी नेहमीसारखे बसले. मी ओतलं. त्यांनी नाक घातलं, डोळे मिटले आणि आठवणीतलंच ठोकून दिलं, "वा! संत्र्याची साल. थोडं पाइनचं लाकूड." नेमक्या तेव्हा काकू पाणी घ्यायला आत आल्या होत्या. "अहो, कसली संत्री? हिरव्या मिरचीचा वास सुटलाय!" मी मोजा काढला. कॅनवर हिरवीगार मिरची छापलेली.

काकांचा चेहरा पाहवेना. "बंद करतो हे सगळं," ते म्हणाले. "जीभ कडू-गोड सांगते गं, पण तेवढ्यानं काय होतंय? गंमत सगळी नाकात होती." मला रडूच आलं. काकूंनी मात्र खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच त्या टेबलाशी बसल्या. "पिणार नाही मी. वास सांगते. पुढचं तुम्ही बघा."

आणि काय बाई ते नाक! "ओल्या गवतात कुणीतरी लिंबू पिळलंय." "ट्रंकेत ठेवलेल्या रेशमी साडीचा वास." एकीला तर त्या "डिंकाचा लाडू, पण तूप कमी" म्हणाल्या आणि काका इतके हसले की मला शूटिंग थांबवावं लागलं. काकू नाक, काका जीभ, असे व्हिडिओ सुरू झाले. लोक हमखास विचारू लागले, काकू कुठे आहेत? शुक्रवारची सिरियल कधी सुटली, ते त्यांनाही आठवत नाही.

मागच्या शुक्रवारी काकू वर साडी बदलायला गेल्या होत्या. मी ओतत होते. काका ग्लासावर वाकले आणि हळूच म्हणाले, "पपनस." मोज्यात खरंच पपनसाचीच बिअर होती. मी ओरडणारच होते, त्यांनी माझा हात दाबला. "बरेच दिवस झाले वास यायला लागून. हिला बोलू नकोस हं, गौरी. सांगितलं तर उठून टीव्हीसमोर जाईल. इतक्या वर्षांनी शेजारी बसलीये."

निघताना काकू डबा द्यायला दारापर्यंत आल्या. मागे बघून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "ह्यांचं नाक आलंय परत. काल हिंगाची डबी उघडी राहिली, तर स्वतः उठून झाकण लावलं."

"मग तसं म्हणा ना त्यांना!"

"नको गं बाई. म्हणतील, सुटलीस तू, बघ जा तुझी सिरियल." त्या डब्याचं झाकण उगीचच पुन्हा दाबत राहिल्या. "मला नाही सुटायचं."

काल पुन्हा शुक्रवार होता. मी मोजा चढवला, ओतलं आणि ग्लास काकूंसमोर ठेवला.

"बोला बाईसाहेब," काका म्हणाले, "कसला वास येतोय? आम्हाला तर काहीच कळत नाही."

काकूंनी पदर सावरला, डोळे मिटले आणि ग्लासात नाक घातलं. काका त्यांच्याकडे बघत होते. मी फोन धरून गप्प उभी राहिले. मत सगळ्यात शेवटी सांगायचं असतं, आणि मला अजिबात घाई नाही.